केस अजून उभी राहायचीय आणि ग्रुपवर निकाल लागून मोकळा. साक्षीदाराने बोलावं की गप्प बसावं?

भिंतीपलीकडची:
नमस्कार मंडळी. नाव, गाव, तारीख काहीच लिहीत नाहीये, प्लीज कुणी अंदाज बांधत बसू नका. आमच्या शेजारच्या फ्लॅटमधे एका बाईचा खून झाला, नवरा अटकेत आहे. चार्जशीट गेलंय, जामीन झालेला नाही, केस सेशन्सला कमिट झालीये म्हणजे सेशन्स कोर्टात गेलीये, पण चार्ज फ्रेम व्हायचाय, म्हणजे आरोप अजून निश्चित व्हायचेत, असं तिच्या भावाकडून कळतं. आमची भिंत सामायिक. भांडणं ऐकू यायची, आणि ती मला स्वतः म्हणाली होती की हा एक दिवस मला संपवणार. तिचे मेसेज माझ्या फोनमधे आहेत. पोलिसांनी माझा जबाब घेतलाय पण तो घाईत झाला, मेसेजचं मी सांगितलं होतं, त्यांनी फोन बघितला आणि परत दिला.

आता झालंय असं की एक ग्रुप निघालाय तिला न्याय मिळावा म्हणून, हेतू चांगलाच आहे, माहेरची माणसं पण आहेत त्यात. पण रोज काहीतरी नवीन. नवऱ्याने कबूल केलं, पोस्टमॉर्टेमचं पान म्हणून कसलातरी फोटो, आणि कालपासून त्यांच्या मुलाचा फोटो फिरतोय, खाली लिहिलंय की याने सगळं डोळ्यांनी पाहिलं. मूल प्राथमिक शाळेत आहे हो! दुसरीकडे नवऱ्याच्या बाजूचे लोक लिहितायत की तिचंच बाहेर काहीतरी होतं. ते वाचून माझं डोकं फिरतं, कारण मला माहितीये ती कशी होती. ग्रुपवाले म्हणतायत तू शेजारीण, तू लिही, लोक तुझं ऐकतील. एक यूट्यूब चॅनलवाला तर मागेच लागलाय, चेहरा ब्लर करतो म्हणतो. लिहावं का? गप्प बसले तर तिच्याबद्दल घाण बोलणाऱ्यांचंच खरं ठरणार असं वाटतं. आणि ते चार्जशीट सरळ ऑनलाइन का नाही टाकत, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील?

बिनधास्त_बंड्या:
कसली केस नि कसलं काय, अशांना भर चौकात लटकवलं पाहिजे. दहा वर्षं तारखा चालणार आणि सुटणार शेवटी.

उलटतपासणी:
ताई, मी सेशन्सला आरोपीच्या बाजूने उभा राहतो, म्हणजे तुमच्यासारख्या साक्षीदाराला प्रश्न विचारणं हेच माझं काम. म्हणून सांगतो, ग्रुपवर एक ओळ लिहू नका आणि त्या यूट्यूबवाल्याला ब्लॉक करा. समोरचा वकील जर थोडाफार तयारीचा असेल तर तो तुमच्या पोस्टची वाटच बघत असणार.

कसं होतं बघा. पोलिसांनी घेतलेला तुमचा जबाब हा कोर्टात पुरावा नसतो, तुम्ही पिंजऱ्यात उभं राहून जे सांगाल तो पुरावा. (त्या जबाबावर सही पण घ्यायची नसते, घेतली असेल तर तो आयओचा, म्हणजे तपास अधिकाऱ्याचा घोळ.) जबाबाचा उपयोग आम्हाला एकाच गोष्टीसाठी, तुम्ही आत्ता सांगताय त्यात आणि तेव्हाच्यात फरक दाखवायला. तुम्ही कोर्टात म्हणालात की त्या रात्री दार आपटल्याचा आवाज आला, आणि जबाबात दार नाही, की झालं. मी विचारणार, हे पोलिसांना सांगितलं होतं का? तुम्ही म्हणणार, सांगितलं होतं. मग जबाबात का नाही? त्यावर सगळे साक्षीदार जे म्हणतात तेच तुम्ही म्हणणार आणि कोर्ट लिहून घेणार, "माझ्या जबाबात तसे का नमूद नाही याचे कारण मला सांगता येणार नाही." याला आमच्यात ओमिशन म्हणतात. अशी पाच-सहा महत्त्वाची निघाली की साक्षीदार रंगवून सांगतो असा युक्तिवाद उभा राहतो.

आता यात तुमची एक फेसबुक पोस्ट घाला, आणि एक मुलाखत, आणि ग्रुपवरचे वीस मेसेज. माणूस बोलताना प्रत्येक वेळी थोडं वेगळं बोलतो, खोटारडा असतो म्हणून नाही, तसंच बोलतो तो. पण मला चार व्हर्जन मिळाली. आणि पाचवा प्रश्न तयार, की तुम्ही त्या न्याय हवा ग्रुपच्या सदस्य आहात ना, तिथे रोज आरोपीला फाशी द्या असं लिहिलं जातं ना, म्हणजे तुम्ही आरोपीविरुद्ध आकसाने साक्ष देताय. तुम्ही म्हणणार, "हे म्हणणे खरे नाही." खरं नसेलही, पण न्यायाधीशांच्या डोळ्यासमोर तुमच्या ग्रुपचे स्क्रीनशॉट असणार.

आणि बंड्या, सुटणार सुटणार म्हणून जे ओरडतात ना, त्यातल्या कितीतरी केसेस साक्षीदार बाहेर जास्त बोलल्यामुळे सुटतात.

रोखठोक_अनु:
वकीलसाहेब तुमचं सगळं बरोबर पण मला एक सांगा, सगळ्यांनी शहाण्यासारखं गप्प बसायचं तर बोलणार कोण? सासरचे? ते बसलेत का गप्प? मेलेली बाई येऊन सांगणार नाहीये की माझं बाहेर काही नव्हतं. आपल्याकडे बाई मेली की पहिली तिची चौकशी, कपडे, फोन, मित्र, उशिरा यायची का. आणि लोक बोलले म्हणूनच कायदे आलेत हं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला स्टोव्ह भडकला स्टोव्ह भडकला म्हणून किती सुना गेल्या, बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे १९८३ ला ४९८अ आलं, सासरच्या छळाचं, आणि १९८६ ला ३०४ब, हुंडाबळीचं. त्यावेळी त्या सगळ्या जणी केस न्यायप्रविष्ट आहे म्हणत घरी बसल्या असत्या तर? एनसीआरबीचे, म्हणजे सरकारी गुन्हे नोंद विभागाचे, २०२२ चे आकडे बघा, हुंडाबळीच्या केसेस एका वर्षात साडेसहा हजारांच्या आसपास, आणि त्या फक्त त्या कलमाखालच्या, सरळ खुनाच्या वेगळ्याच.

दुसरं म्हणजे, ताई राग मानू नका, पण भिंतीतून ऐकू येत होतं तेव्हा बिल्डिंगमधे किती जणांनी तक्रार केली? २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात शेजारी सुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर काही येत नाही, तसं कलमच आहे, ४ नंबरचं. १८१ ची महिला हेल्पलाइन आहे, पोलिसांचा ११२ आहे. नवराबायकोचं भांडण आपण कशाला मधे पडा, आणि नंतर मेणबत्त्या.

भिंतीपलीकडची:
अनुताई, मी ११२ ला फोन केला होता. आले होते ते. तिनेच दारात येऊन सांगितलं की काही नाही, टीव्हीचा आवाज होता. नवरा मागे उभा होता.

उलटतपासणी:
थांबा थांबा. हे जबाबात आहे का? ११२ च्या फोनची नोंद राहते, कधी आला, कुठून आला, कुणी गाडी पाठवली. आयओला लेखी कळवा किंवा सरळ सरकारी वकिलांना भेटून सांगा, चार्जशीट गेलं तरी पुढचा तपास करता येतो, पुरवणी दोषारोपपत्र जातं. आणि हे इथे लिहिलंत ते लिहिलंत, आता यापुढे घटनेबद्दल या धाग्यावर सुद्धा अजून काही लिहू नका प्लीज. मी समोरच्या बाजूचा वकील असतो तर?

अनुताई, तुमचा मुद्दा मला पटतो पण त्या बायका कायद्यासाठी रस्त्यावर होत्या. कायदा बदला म्हणणं वेगळं आणि ज्या साक्षीदारावर केस उभीये तिला मुलाखत द्यायला लावणं वेगळं. बोलणारे बोलोत की, वकील बोलोत, संघटना बोलोत, तुम्ही बोला. या एका बाईने बोलू नये एवढंच माझं म्हणणं.

निवृत्त_बातमीदार:
बरीच वर्षं कोर्टाची बीट केली. दोनचार गोष्टी सांगतो.

"नवऱ्याने गुन्हा कबूल केला" ही ओळ मी स्वतः कितीदा टाइप केली असेल, सगळेच करतात, पोलीस स्टेशनातून तीच मिळते. पण पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते २३ झालंय. फक्त त्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली, म्हणजे हत्यार, रक्ताचे कपडे, तर तेवढ्यापुरतं धरतात. लोकांना हे माहीत नसतं, त्यांच्या डोक्यात बसलंय की कबूल केलंय, मग दोन वर्षांनी तो सुटला की न्यायाधीश विकला गेला म्हणून मोकळे.

चार्जशीट ऑनलाइन का नाही, तर एफआयआर आणि चार्जशीट यात फरक आहे. एफआयआर २४ तासांत वेबसाइटवर टाका असं सुप्रीम कोर्टाने २०१६ ला सांगितलं, संवेदनशील गुन्हे सोडून. चार्जशीटचं पण तसंच करा म्हणून याचिका झाली होती, ती जानेवारी २०२३ मधे फेटाळली. त्यात साक्षीदारांचे जबाब असतात, पत्ते असतात, तुमचा पण असेल ताई. ते तुम्हाला ग्रुपवर हवंय का?

आणि आम्हा लोकांसाठी, म्हणजे मीडियासाठी, मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ ला सविस्तर निकाल दिलाय, सुशांतसिंह राजपूत प्रकरणातल्या कव्हरेजवरून. काय काय टाळा त्याची यादीच आहे त्यात. आरोपीच्या किंवा पीडिताच्या चारित्र्यावर बोलणं, साक्षीदारांच्या मुलाखती घेणं, कथित कबुली छापणं, गुन्हा असा घडला म्हणून नाट्यरूपांतर दाखवणं. तुमच्याकडे दोन्ही बाजूंनी मिळून यातलं बरंचसं केलेलं दिसतंय, मुलाखत आणि नाट्यरूपांतर तो यूट्यूबवाला करेल.

चारित्र्यावरून आठवलं, २००८ चं आरुषी तलवार प्रकरण. चौदा वर्षांची होती नव्हती एवढी पोर गेली, आणि तिच्याबद्दल पत्रकार परिषदेपासून चॅनलपर्यंत जे बोललं गेलं ते आजही वाचवत नाही. आईवडिलांना २०१३ ला जन्मठेप, २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टाने सोडलं. या दोन्ही दिवशी निम्मा देश म्हणत होता की आम्हाला आधीच माहीत होतं. उलट बाजूनेही होतं बरं का, नानावटी खटला घ्या, १९५९. नेव्हीचा रुबाबदार अधिकारी, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, एका साप्ताहिकाने त्याला हीरो करून टाकला आणि ज्युरीने ८ विरुद्ध १ ने निर्दोष म्हटलं. सेशन्स जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली, १९६१ ला सुप्रीम कोर्टाने कायम केली. मेलेल्या माणसाच्या बाजूने कोणी फारसं लिहिलंच नाही. (ज्युरीचा तो देशातला शेवटचा खटला असं जे फिरतं ते खरं नाही, त्यानंतरही काही वर्षं काही ठिकाणी ज्युरी चालू होती.)

माहेरची_बाजू:
मी फार लिहीत नाही इथे पण आज लिहिते. आमच्या घरातली अशी केस झालीये, निकाल लागून गेलाय. ग्रुप आम्ही पण काढला होता. सुरुवातीला बरं वाटतं हो, रात्री झोप लागत नाही तेव्हा कोणीतरी अनोळखी माणूस लिहितो की आम्ही तुमच्यासोबत आहोत, त्याने आधार वाटतो. पण मग रोज काहीतरी द्यावं लागतं ग्रुपला, नवीन काही नसलं की लोक स्वतःच बनवायला लागतात, आमच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो कुठून काढले कुणास ठाऊक, त्यावर गाणं लावून रील. आईला कुणीतरी दाखवलं ते.

मुलाचा फोटो मात्र आजच्या आज काढायला लावा. मुलाला पुढे साक्ष द्यायची वेळ आली तर सासरचे हेच म्हणणार की आजोळी पढवून आणलंय, ग्रुपवर तर आधीच लिहिलं होतं की याने पाहिलं. आमच्या केसमधे भाचीला कोर्टात पहिला प्रश्न होता की तुला आज काय बोलायचं ते कुणी सांगितलं.

उलटतपासणी:
हे अगदी बरोबर आणि नुसतं शहाणपण नाही, गुन्हा आहे तो. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, मूल पीडित असो की साक्षीदार, नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही कुठल्याही माध्यमात टाकायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ॲडमिनला हा मेसेज जसाच्या तसा पाठवा, पाच मिनिटांत फोटो उडेल बघा.

लहान मुलाची साक्ष चालते, त्याला किमान वय नाही. न्यायाधीश आधी साधे प्रश्न विचारून बघतात की मुलाला प्रश्न समजतो का, नीट उत्तर देतंय का. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२५ मधे मध्य प्रदेशातल्या एका केसमधे, जिथे सात वर्षांच्या मुलीने वडिलांविरुद्ध साक्ष दिली होती, हायकोर्टाने सोडलेल्या बापाची शिक्षा परत कायम केली. तिथे सगळा वाद मुलीला पढवलंय का यावरच होता. म्हणजे त्या पोराच्या बोलण्याला किंमत आहे, आणि ते आत्ता जितकं कमी चघळलं जाईल तितकी ती टिकेल.

आता ताई तुमच्या मेसेजबद्दल, कारण मला वाटतं या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे आणि कुणी विचारतच नाहीये. मेलेल्या माणसाने आधी सांगितलेलं एरवी ऐकीव म्हणून बाजूला पडलं असतं, पण ज्या परिस्थितीतून तिचा मृत्यू झाला त्याबद्दल ती काही बोलली, लिहून गेली असेल तर ते आपल्या कायद्यात घेता येतं. मरणाच्या दारात असतानाच सांगितलेलं पाहिजे असं नाही. शरद बिरधीचंद सारडा केस वाचा, पुण्याची, सुप्रीम कोर्ट १९८४. तिथे बायकोने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांवरच सगळी चर्चा आहे. पण हे पण सांगतो, खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने फाशी दिलेली, सुप्रीम कोर्टाने सोडलं, परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी पूर्ण नाही म्हणून. असा पुरावा कसा तोलायचा याची पाच तत्त्वं त्या निकालात आहेत, ती आम्ही लोक आजही रोज सांगतो.

म्हणून फोन रिसेट करू नका, विकू नका, तिचं चॅट डिलीट करू नका, डिसॲपिअरिंग मेसेज चालू असतील तर बंद करा. स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणं म्हणजे स्वतःच्या हाताने वाट लावणं, कारण मग प्रश्न येतो की मूळ कुठलं आणि कुणी छेडछाड केली. आयओला लेखी अर्ज द्या की माझ्याकडे असे मेसेज आहेत, ते रीतसर ताब्यात घ्या, आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा, त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा, लिहावी लागते. ते पोलिसांना करायला लावा, तुम्ही घरी काही उद्योग करू नका.

रोखठोक_अनु:
ओके हे मला माहीत नव्हतं, चांगली माहिती. पण तरी ते बाहेरचं काहीतरी होतं वाले लोक, त्यांचं काय करायचं? नुसतं बघत बसायचं?

निवृत्त_बातमीदार:
त्यांचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून भावाने ठेवावेत आणि सरकारी वकिलांकडे द्यावेत. सासरचे नातेवाईक पोस्टमधे जे लिहितात ते कधीकधी कोर्टात त्यांच्याच बचावाच्या उलट जातं. आत्महत्या केली म्हणायचं आणि फेसबुकवर लिहायचं की तिच्यामुळे त्याचा तोल गेला! हल्ली एवढी अक्कल पण नाही लोकांना.

शिवाय घराच्या चार भिंतीत झालेल्या खुनात नवऱ्याला काहीतरी सांगावं लागतं. २००६ चा त्रिमुख मारोती किरकन निकाल आहे, आपल्या महाराष्ट्रातलाच, बायको साप चावून मेली म्हणाले आणि पोस्टमॉर्टेमला गळा दाबलेला निघाला. कोर्ट म्हणालं की घरात असलेल्या माणसाने समाधानकारक खुलासा द्यायला हवा, खोटा दिला तर ती साखळीतली अजून एक कडी. ग्रुपवर बोंब न मारता सुद्धा केस उभी राहते, एवढंच सांगायचंय.

उलटतपासणी:
फक्त एक, त्याआधी सरकारी पक्षाला स्वतःचं घर नीट बांधावं लागतं, नवरा त्या वेळी घरात होता वगैरे. नवरा आहे म्हणजे त्यानेच सिद्ध करायचं असं नाही. आमच्या पोटावर पाय नका देऊ :)

भाऊ सरकारी वकिलांना मदत करायला स्वतःचा वकील देऊ शकतो, कोर्टाची परवानगी घेऊन. ग्रुपवर जे पैसे जमा करतायत ना, ते बॅनरपेक्षा तिकडे लावा म्हणावं.

भिंतीपलीकडची:
फोटो काढला ॲडमिनने. कलम पाठवल्यावर लगेच. भाऊ उद्या सरकारी वकिलांना भेटतोय, मी पण जाणार आहे अर्ज घेऊन. ग्रुप सोडावा का मी?

आणि एक, नवऱ्याचा चुलतभाऊ लिफ्टमधे भेटला होता, म्हणाला वहिनी तुम्हाला पण मुलं आहेत, कशाला कोर्टाच्या भानगडीत पडता. धमकी म्हणायची का ही?

माहेरची_बाजू:
अगदी हेच वाक्य आम्ही ऐकलंय. अर्जात लिहा.

उलटतपासणी:
ग्रुप सोडा, आणि सोडताना भाषण देऊ नका.

लिफ्टवाल्याचं आजच लिहून ठेवा, तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे, आणि लिफ्टचं सीसीटीव्ही असेल तर सोसायटीला लेखी पत्र द्या की फुटेज राखून ठेवा, बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत त्यावर दुसरं रेकॉर्डिंग होऊन जातं. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं न्याय संहितेच्या कलम २३२ खाली येतं, सात वर्षांपर्यंत आहे. नुसतं साक्षीला जाऊ नको म्हणणं त्यात बसतं का यावर वाद घालता येईल, पण तो वाद माझ्यासारख्याला घालू दे, तुम्ही नोंद करा. शिवाय साक्षीदार संरक्षण योजना आहे, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्य केलेली, अर्ज करता येतो, धोका बघून ठरवतात.

भिंतीपलीकडची:
धन्यवाद सगळ्यांना. शेवटचं, समन्स कसं येतं? परवा एका नंबरवरून व्हॉट्सॲपला पीडीएफ आलंय, कोर्टाचं म्हणून, खाली लिंक आहे. उघडलं नाही अजून.

उलटतपासणी:
उघडू नका. नव्या कायद्यात साक्षीदाराला समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवता येतं हे खरं, पण चार्ज फ्रेम व्हायच्या आधी साक्षीचं समन्स कुठून येणार? ई-कोर्ट्सच्या साइटवर केस नंबर टाकून पुढची तारीख कशासाठी लागलीये ते बघा, आणि उद्या जाताय ना, तर तो नंबर सरकारी वकिलांनाच दाखवा.